पथ्य एकाचं, चूल पाचांची

डॉक्टरांनी यांचं रक्त तपासलं, दाब मोजला, वजन केलं, तिन्ही आकडे एका कागदावर लिहिले आणि तो कागद माझ्या हातात दिला. रक्त यांचं, दाब यांचा, वजन तर निर्विवाद यांचंच. कागद मात्र माझ्याकडे. हे शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं हृदयाचं चित्र असं बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

कागदावर लिहिलं होतं : भात कमी, मीठ कमी, तेल कमी, पापड-लोणचं बंद. मी तो दोनदा वाचला. आमच्या तालुक्यात पिकतो भात. खाली खारेपाटात मिठागरं. आणि पेणचे पोह्याचे पापड तर गोव्याला निघालेला माणूससुद्धा गाडी थांबवून घेऊन जातो. म्हणजे पेणला ज्या चार गोष्टींमुळे जग ओळखतं त्यातल्या तीन डॉक्टरांनी एका ओळीत काढून टाकल्या. चौथे गणपती. ते तेवढे चालतील म्हणाले असते बहुतेक, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाला डॉक्टर?”

“आहार बदला म्हणाले.”

“मग डॉक्टर बदला.”

सुरुवात तेलापासून केली. डॉक्टर म्हणाले होते, माणशी महिन्याला अर्धा लिटर. आम्ही माणसं पाच : सासूबाई, हे, मी, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मुंबईत नोकरी करून शुक्रवारी रात्री भुकेली होऊन येणारी मुलगी. म्हणजे अडीच लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा डबा पंचवीस दिवस जातो, आणि तोवर संपला नाही तर मी स्वतःला काटकसरी समजते. पंतप्रधानांनीही 2025 च्या फेब्रुवारीत ‘मन की बात’मध्ये दहा टक्के तेल कमी करा असं सांगितलं होतं. ते ऐकून मी लगेच मान डोलावली होती, पण दहा टक्के कशातून काढायचे हे कळायला आधी शंभर टक्के माहीत हवेत ना! आमच्या घराण्यात तेलाचं माप पिढ्यान्‌पिढ्या एकच : कढईचा तळ दिसेनासा होईपर्यंत.

मुलाने ऑनलाइन एक बाटली मागवली. तेल ओतायचं नाही, फवारायचं. मी पहिल्यांदा वांग्याच्या फोडींवर फवारा मारला तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. “कीड पडलीय का वांग्यावर?” म्हणाल्या. भाजी झाली, पण ती कढईला इतकी चिकटली की निम्मी कढईनेच खाल्ली. कढई अजून ठणठणीत आहे.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव, सगळ्यातलं धरून. आमच्या सासूबाईंचं माहेर खारेपाटातलं. मिठागराच्या बांधावरून चालत शाळेत गेलेली बाई. तिच्या पानात डाव्या बाजूला मिठाची चिमूट वाढली नाही तर ते पान वाढलंय असंच तिला वाटत नाही. तिला मी हा सपाट चमचा दाखवला. तिने चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मिठासाठी गांधीजी दांडीपर्यंत चालत गेले, आणि तू घरात आहे ते काढून घेतेस?”

मी म्हटलं, “आई, ते चोवीस दिवस चालले. आपले हे चोवीस मिनिटं चालले तरी मी मिठाची बरणी परत ठेवते.”

हे त्या वेळी पेपर वाचत होते. पेपर आणखी वर गेला.

पहिल्या आठवड्यात आमटी अळणी लागते म्हणून कोणी बोललं नाही. घरात अचानक एवढा समजूतदारपणा कुठून आला याचंच मला कौतुक. आठव्या दिवशी केर काढताना जेवणाच्या टेबलाखाली, यांच्या खुर्चीच्या आतल्या फळीवर, मिठाची छोटी डबी सापडली. पलीकडच्या खुर्चीवर लोणच्याची. मुलाकडे कसलासा लाल मसाला होता, त्याच्या पाकिटावर मीठ पहिल्या क्रमांकावर. म्हणजे मी भाजीत मीठ अर्धं केलं होतं आणि घरातला एकूण खप वाढला होता.

आता खरी अडचण सांगते. पथ्य डॉक्टर एका माणसाला देतात. कागदावर नाव एक, वय एक, वजन एक. पण त्या माणसाला वेगळी चूल नसते. तो पाचजणांच्या पातेल्यातून जेवतो, आणि उरलेल्या चौघांची आपापली शास्त्रं असतात. यांनी डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं ऐकली : दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपायचं, मध्ये काही नाही. मुलगी ऋजुता दिवेकरांची पुस्तकं वाचते. आपल्या मातीतलं खा, भाताला, तुपाला घाबरू नका, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खा हे त्यांचं जुनं सांगणं तिने मनावर घेतलेलं. मुलगा व्यायामशाळेत जातो, त्याला सकाळी सहा उकडलेली अंडी लागतात, बलक वगळून. सासूबाईंना मऊ भात, साडेबाराला, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कारण त्या दिवशी उपास असतो.

दोन्ही तज्ज्ञांबद्दल मला आदरच आहे. दोघांचंही ऐकून बारीक झालेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत. पण ते दोघेही एकाच घरात, एकाच ओट्यावर, एकाच दिवशी आले की ओट्याचा पेण एसटी स्टँड होतो. साडेसातची अंडी फलाटाला लागलेली, दहाचा शेंगदाणा-गूळ निघण्याच्या तयारीत, साडेबाराचा मऊ भात, एकला यांची पंचावन्न मिनिटांची जलद गाडी. आणि पंचावन्न मिनिटं म्हणजे कमी वेळ असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या यांना जेवताना पाहिलेलं नाही. पूर्वी हे वीस मिनिटांत उठायचे. आता नियमाने पंचावन्न मिनिटं मिळतात म्हटल्यावर पस्तीस वाया घालवायची नाहीत असा त्यांचा बाणा.

आणि प्रत्येक गाडी निघून गेली की फलाटावर काही ना काही उरतंच. सहा अंड्यांचे सहा बलक. खिचडीची खरवड. अर्धी भाकरी. टाकवत नाही. ते कोणी खाल्लं हे तुम्हाला सांगायला नको. दीक्षितांच्या पद्धतीचं, दिवेकरांच्या पद्धतीचं आणि मुलाच्या पद्धतीचं, तिन्ही आहार एकाच वेळी काटेकोरपणे पाळणारी मी पेण तालुक्यातली एकमेव बाई असेन.

जून लागला आणि पहिल्या पावसाबरोबर बाजारात कातकरणी बसल्या, पुढे शेवळांच्या जुड्या घेऊन. मुलीने फोनवर सांगितलं की रानभाज्यांना आता मुंबईत सुपरफूड म्हणतात. मी म्हटलं, हे बरं, आपल्या दारात येतं तेच आरोग्याचं आहे. चार जुड्या घेतल्या. विकणारी म्हणाली, “बाय, काकडं पण घे, त्याबिगर करू नको.” बारीक हिरवी आंबट फळं असतात ती. वाटा दहा रुपयांचा. मला वाटलं, गळ्यात मारतेय. घेतली नाहीत.

सासूबाई त्या दिवशी नणंदेकडे गेल्या होत्या. मी शेवळं साफ केली, चिरली, भरपूर लसूण घातली, तेल मोजून दीड चमचा, मीठ सपाट. पहिला घास यांनी घेतला. दुसरा मुलाने. मग दोघांनी एकदम पाण्याचे तांबे उचलले. शेवळाला खाज असते, घशाला अशी लागते की बोलता येत नाही. ती मारायला काकडं लागतात, नाहीतर चिंच, आमसुलं, काहीतरी सणसणीत आंबट. ही गोष्ट कोकणातल्या पोरीसोरींना माहीत असते. मला रोह्यात वाढून माहीत नसावी याची लाज वाटते, पण आमच्या आईने आम्हाला अभ्यासाला बसवलं होतं, त्यामुळे मला शेवळाचं शास्त्रीय वर्णन येतं.

त्या रात्री घरात कोणीच जेवलं नाही. वर्षभरातला तो आमचा सर्वात यशस्वी आहाराचा दिवस. सासूबाई आल्या, पातेल्याचं झाकण उघडून वास घेतला, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, “दहा रुपये वाचवलेस?”

भाताचं प्रकरण जास्त अवघड होतं. कुलाबा जिल्हा म्हणा की 1981 पासून रायगड म्हणा, हे भाताचं कोठार. इथे ‘जेवलास का’ याचा अर्थच ‘भात खाल्लास का’. भाकरीसुद्धा तांदळाची. भात कमी करून भाकरी खा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ती ज्वारीची असं त्यांच्या मनात असणार. यांनी ते ताबडतोब मान्य केलं आणि भाताऐवजी तांदळाच्या तीन भाकऱ्या खायला लागले. त्यावर थोडा भात, भाकरी पचायला.

मी तपकिरी तांदूळ आणला. चकचकीत पिशवी, वर इंग्रजीत मजकूर, भाव साध्या तांदळाच्या दुपटीहून वर. सासूबाईंनी मूठभर हातात घेतला, फुंकला. “हा तर हातसडीचा. आम्ही मुसळाने सडायचो, हात भरून यायचे. पांढरा भात मिळावा म्हणून गिरणी आली तेव्हा माझ्या आजीने पेढे वाटले. आता तुम्ही न सडलेल्याला जास्त पैसे देता?” मी कोंड्याचं महत्त्व सांगायला लागले. आणि कोंड्याची एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते, म्हणून इथे सांगतेच.

जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. पाय लुळे पडायचे, माणसं मरायची. तो जंतू शोधत होता, प्रयोगाला कोंबड्या पाळल्या होत्या. एक दिवस कोंबड्यांनाही तसाच आजार झाला. काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घालत होते. मग नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायचा नाही, म्हणाला, आणि बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या साध्या तांदळावर आल्या आणि हिंडायला लागल्या. पुढे त्या कोंड्यातूनच बी जीवनसत्त्वाचा माग लागला आणि 1929 मध्ये आइकमनला नोबेल मिळालं.

स्वयंपाक्याला काय मिळालं, ते कुठे लिहिलेलं नाही. उरलेलं अन्न कोणाला घालायचं आणि कोणाला नाही, यावर ठाम राहिलेला तो एकच माणूस मला आजवर भेटला. मी ही गोष्ट जेवताना सांगितली. हे म्हणाले, “म्हणजे कोंबडी बरी असते.” आणि रविवारी कोंबडी आणली.

तपकिरी तांदूळ दोन शिट्ट्या जास्त घेऊनही दाताखाली राहिला. शेवटी साध्या भातात पाव हिस्सा मिसळते. चालतो. नाचणीचंही तसंच झालं. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हापासून रागीची बिस्किटं, रागीचा केक आणि रागीच्या शेवयांचे पुडे आमच्या वाण्याकडे आले. सासूबाईंना रागी म्हणजे नाचणी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुडा खाली ठेवला. डोंगरउतारावरची वरकस जमिनीतली नाचणी आयुष्यभर आंबील करून प्यायलेली बाई ती. “नाव बदललं म्हणजे लग्न झालं असेल तिचं,” म्हणाल्या.

ओट्सचा प्रयोग एकाच दिवसाचा. त्याची शिक्षा रोह्याहून आली. फोनवर मी आईला सहज म्हटलं की सकाळी ओट्सचा उपमा केला. पलीकडे शांतता. आमच्या रोह्यात पोह्यांच्या गिरण्या, लहानपणी भाजलेल्या भाताच्या वासाने जाग यायची. दुसऱ्या दिवशी दिवा गाडीने एक ओळखीचे काका निघाले होते, त्यांच्याबरोबर तिने पाच किलो जाडे पोहे पाठवले. रोहा, निडी, नागोठणे, कासू, पेण असा प्रवास करून पिशवी आली, आणि आत चिठ्ठी : “ओट्स घोड्याला घाल.” आमच्याकडे घोडा नाही. डबा अजून आहे.

गणपतीत पथ्याला सुट्टी द्यावी का, यावर घरात चर्चा झाली. आमच्या आळीत ज्येष्ठापासून मूर्तींची रांग लागते, रंगाचा वास घरात असतो; अशा गावात दहा दिवस माणसाने मोदक मोजायचे? यांनी पहिल्यांदाच आहारशास्त्राचा अभ्यास करून मुद्दा मांडला. “उकडीचे मोदक म्हणजे वाफवलेले. डॉक्टरांनीच सांगितलंय, तळू नका, वाफवा.” अकरा खाल्ले. वर तूप. तूप मुलीच्या आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

या सगळ्या वर्षात एक पदार्थ मात्र असा निघाला की ज्यावर डॉक्टर, मुलगी, मुलगा, हे आणि सासूबाई यांचं एकमत झालं. पोपटी. जानेवारीत शेतात वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात संध्याकाळी जिकडेतिकडे धूर दिसतो तो हाच. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, बटाटे, कांदे, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात, वर पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. अर्धा-पाऊण तास. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मुलाने सहा हजारांचं बिनतेलाचं यंत्र बघून ठेवलं होतं. मी त्याला मडकं दाखवलं. शंभर-दीडशे रुपये, वीज नको, आणि फुटलं तर कोणाची तक्रार नाही.

भांबुर्डीचा तो उग्र वास आणि धुरकट शेंगा. माझ्या मते याहून चांगलं काही खायला नाही, आणि हे मी पेणची म्हणून म्हणत नाही. म्हणतेच आहे, असो. एकच दोष. ज्या पदार्थात तेल नाही तो कितीही खाल्ला तरी चालतो अशी यांची पक्की समजूत. शेकोटीभोवती गप्पा रंगल्या, शेंगांच्या सालांचा ढीग यांच्यापुढे गुडघ्यापर्यंत आला. मडकं सात माणसांचं होतं, जेवलो आम्ही पाचजण, आणि मडक्यात काही उरलं नाही. त्या दिवशी उरलंसुरलं खायची माझी पाळी आली नाही एवढा फायदा.

फेब्रुवारीत पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. यांचं वजन साडेतीन किलोंनी कमी. दाब जवळजवळ ठिकाणावर. डॉक्टर खूश. “छान पाळलंत हो पथ्य,” असं यांना म्हणाले. यांनी नम्रपणे मान खाली घातली. मग डॉक्टरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. “तुम्हीही एकदा काट्यावर उभ्या राहा बघू.”

मी चार किलोंनी वाढले होते. यांचे साडेतीन घरातच राहिले होते, वर अर्धा व्याज.

डॉक्टरांनी नवा कागद काढला, माझं नाव लिहिलं, वय विचारलं. भात कमी, मीठ कमी, तेल कमी. खाली एक ओळ जास्त : उरलेलं खाऊ नये. तो कागद मी हात पुढे न करता तसाच राहू दिला. थोडा वेळ तो टेबलावर पडून होता. शेवटी यांनी उचलला.

तेव्हापासून रविवारचा स्वयंपाक यांच्याकडे आहे. वालाचं बिरडं करायचं म्हणजे वाल भिजत घालायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. पहिल्या रविवारी अर्धा किलो वाल सोलायला यांना पावणेदोन तास लागले. त्या दिवशी मुलाने पुन्हा वाढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा हे म्हणाले, “पुरे आता, पोटाला तडस लागेल.” तीस वर्षांत या घरात कोणी कोणाला पुरे म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पापडांचा दिवस ठरला. आळीतल्या बायका, लाटणी, पोलपाट, अंगणात जुन्या साड्या अंथरलेल्या. पोह्याचं पीठ मळताना मी डॉक्टरांच्या कागदाला स्मरून मीठ निम्मं आणि पापडखारही हात आखडून घातला. पापडखार म्हणजे सोडियमच, असं वाचलं होतं. लाट्या तेलात बुडवून खायला मुलं दरवर्षी झुंबड करतात. या वर्षी एकेक लाटी तोंडात टाकून हळूच पांगली. तेव्हाच कळायला हवं होतं. पापड वाळले दिसायला सुरेख. तळले तर फुललेच नाहीत, भाजले तर पुठ्ठा. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात धरला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “प्रकृतीला उत्तम. कोणी खाणारच नाही.”

मग दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या मापाचे पुन्हा केले. ते वरच्या फळीवर आहेत, रविवारी माणशी एक, भाजून. पहिल्या खेपेचे दोन डबे मात्र भरलेले तसेच आहेत. पेणला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा, एक डबा तुमच्यासाठी काढून ठेवते. दोन्ही न्यायची तयारी असेल तर ओट्सही देईन.